वाकळीतला भात

डीएनए तपासणीच्या जेलवर रेघ उमटली तेव्हा रत्नमालाला आधी आनंदच झाला. पावसाळ्याआधीपासून ती भात गोळा करत होती. पवनीकडची घरं, भंडाऱ्यातली घरं, खानावळी, मंगल कार्यालयं. शिजवून ठेवलेला भात चमचा-चमचा बर्फाच्या डब्यातून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणायचा, त्यातले जीवाणू वाढवायचे, आणि मग ते नुसतेच बॅसिलस सेरियस आहेत की त्यांच्यापाशी उलटीचं विष बनवायची सोयही आहे, हे त्यांच्या जनुकावरून पाहायचं. ही सोय फार थोड्यांकडे असते. तिला आजवर एकातही सापडली नव्हती. तुमच्या जिल्ह्याचा भात फारच सज्जन दिसतो हो, असं तिचे मार्गदर्शक सर चिडवायचे आणि तीही हसायची, कारण न हसून करणार काय. आणि आज निळ्या उजेडाच्या पेटीत, शेवटून दुसऱ्या घरात, हवी त्याच उंचीवर, जाड आणि स्पष्ट रेघ. तिनं ओढणीनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. रेघ होती. सरांना हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. शेवटून दुसरं घर म्हणजे तिच्या स्वतःच्या घरचा भात होता.

तो तिनं परवा सकाळी घेतला होता. एका घरानं ऐन वेळी नमुना द्यायला नकार दिला, डब्यात एक बाटली रिकामी राहिली, आणि रिकामी बाटली परत नेणं तिच्या जिवावर येतं म्हणून. एवढंच खरं कारण होतं का, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. ओट्याच्या कोपऱ्यात वाकळीचं गाठोडं होतं, सुतळीनं बांधलेलं, आणि त्यात भाताचा गंज, म्हणजे उभट पातेलं. सासूबाईंची, बेबीबाईंची, ही पद्धत लग्न होऊन आल्यापासून ती पाहत होती. नवरा, अनुप, नागपूरला रोज जाऊन-येऊन करतो, परतायला उशीर होतो. म्हणून संध्याकाळी शिजलेल्या भाताचा गंज झाकण लावून जुन्या लुगड्यांच्या वाकळीत गुंडाळायचा, वरून घट्ट बांधायचा, आणि पोरानं कधीही यावं, ताटात वाफ निघाली पाहिजे. अनुप आल्यावर चार घास खातो. उरलेला भात पुन्हा वाकळीत जातो, कारण कुणाला पुन्हा लागला तर. सकाळी रत्नमालानं गाठ सोडून गंजात चमचा घातला तेव्हा भात कोमट होता. वर्षानुवर्षं तो तसाच कोमट असायचा आणि तिला त्याचं कौतुक वाटायचं. माहेरी सिहोऱ्याला फोन करून तिनं आईला सांगितलंही होतं की माझी सासू रात्रीचा भात सकाळी ऊन देते. आता कोमट या शब्दाचा अर्थच बदलला होता. तांदळाला चिकटून आलेले बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, शिजून झाल्यावर जागे होतात, आणि त्यांना हवी असते ती एकच गोष्ट, कोमट जागा. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी जे यंत्र ठेवलंय ते विजेवर चालतं. घरी तेच काम एक म्हातारी मायेनं करते. एकदा विष तयार झालं की मग भात पुन्हा तव्यावर टाका, फोडणी द्या, धूर निघेपर्यंत परता, विषाला काही होत नाही.

फोडणी. सकाळी ती निघाली तेव्हा घरात मोहरी तडतडत होती. हळदीचा, कढीपत्त्याचा वास दारापर्यंत आला होता आणि चपला घालताना तिच्या मनात आलं होतं की आज गुंजनच्या डब्यात फोडणीचा भात आहे, बरं झालं, पोरगी संपवून येईल. हे आठवल्यावर तिला हातमोजेही काढवेनात, बोटं घामानं आत चिकटली होती. तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सर दारातून डोकावून म्हणाले, काही आलं का? "अजून बघते आहे," असं ती म्हणाली आणि पेटीचा दिवा बंद करून टाकला. रेघ अंधारात गेली, पण तिला ती दिसतच होती. परवाचा भात वेगळा, कालचा वेगळा, तिनं स्वतःला बजावलं. पण गंज तोच, वाकळ तीच, तांदूळ सिहोऱ्याच्या त्याच पोत्यातला, आणि ऑक्टोबरची उकाड्याची रात्रही तशीच. दुसरं म्हणजे, जनुक असणं म्हणजे विष असणं नव्हे. घरात सुरी आहे म्हणून खून झाला असं होत नाही, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना सांगायची आणि विद्यार्थी हसायचे. आता तिला त्या हसण्याचा रागच आला.

स्कूटीवर ती शाळेकडे निघाली तेव्हा मधली सुट्टी व्हायची होती की होऊन गेली होती हेच तिला आठवेना. पोरीची आई आणि हे आठवू नये. खात गावाच्या रोडवर एक धानाचा ट्रॅक्टर रस्ता अडवून उभा होता, ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी बोलत होता, निवांत, आणि तिनं हॉर्नवरचं बोट काढलंच नाही. तिला गुंजनचं तोंड दिसत होतं, घास घेताना डोळे मिटणारं, आणि मग त्याच तोंडाचं काय होऊ शकतं ते तिनं वाचलेल्या सगळ्या शोधनिबंधांतून एकेक करून समोर येत होतं. बहुतेकांना उलट्या होतात आणि दिवसभरात माणूस बरा होतो. बहुतेकांना. क्वचित, फार क्वचित, यकृतावर जातं, आणि जिथं गेलं तिथं जास्त करून मुलंच होती. क्वचित हा शब्द तिनं आपल्या प्रबंधात कितीदा वापरला असेल. आत्ता त्याच्याइतका क्रूर शब्द तिला दुसरा वाटत नव्हता.

गुंजनला बाईंनी वर्गाबाहेर आणलं. सुट्टी अजून व्हायची होती. "डबा दाखव," रत्नमाला म्हणाली, आणि तिच्या आवाजानं बाई एक पाऊल मागे सरकल्या. गुंजननं डबा उघडला. पोळ्या होत्या, वांग्याची भाजी होती, गुळाचा खडा होता. "भात?" "आजीनं केलता. डब्यात भरलाही होता. मंग काढून घेतला." "का?" "म्हणाली, तुह्या मायले चालत नाही." गुंजननं आईकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मम्मी, तू रडून राहिली का?" रत्नमाला नाही म्हणाली, पोरीचं डोकं छातीशी धरलं, केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि तिला इतकं हलकं वाटलं की बाईंना ती काहीबाही सांगत सुटली, डब्याचं झाकण बदललं होतं वगैरे. फाटकाबाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावली तेव्हा कुठं तो हलकेपणा ओसरला. डब्यातून काढून घेतला, म्हणजे भात घरी होता. आणि बेबीबाईंनी आयुष्यात भाताचं शीत टाकलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

तुह्या मायले चालत नाही. हे कधीपासून सुरू झालं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. उन्हाळ्यात विद्यापीठात बोलायचं होतं म्हणून ती एका संध्याकाळी बैठकीत उभी राहून मोठ्यानं सराव करत होती, ग्रामीण व निमशहरी कुटुंबांतील शिळ्या भाताच्या सेवनाची सवय, वगैरे. बेबीबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला. "शिळा मंजे बासी ना वो?" "हो आई." "आपन बासी खातो?" "रात्रीचा भात सकाळी खातो म्हणजे तेच." बेबीबाई उठल्या. लसूण तसाच ठेवून गॅलरीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी अनुपनं सांगितलं तेव्हा तिला कळलं. आसगावला बेबीबाईंच्या लहानपणी त्यांची आई मालकाच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची, चिखलात दिवसभर वाकून. संध्याकाळी मालकीण पडवीतून आदल्या दिवशीचा भात पदरात टाकायची, वरून, हात न लागता, आणि म्हणायची, घे, बासी आहे, पोराईले होईल. ही पोरं म्हणजे बेबीबाई आणि त्यांचे भाऊ. पुढे घराण्यानं देव पाण्यात सोडले, विहारात जायला लागलं, भाऊ शिकले, नोकऱ्या लागल्या, भंडाऱ्यात घर झालं. पण बासी हा शब्द त्यांच्या डोक्यात त्या पडवीसकट राहिला. बासी म्हणजे दुसऱ्यानं वरून टाकलेलं. आपल्या चुलीवर शिजवलेलं, आपल्या वाकळीत ठेवलेलं, ते बासी कसं होईल? ते ठेवलेलं. हे ऐकून रत्नमालाला लाज वाटली होती आणि तिनं प्रबंधात सगळीकडे शिळा हा शब्द खोडून 'शिजवून ठेवलेला' असं केलं होतं. सरांनी विचारलं, एवढा लांब शब्द कशाला? ती म्हणाली, अचूक आहे सर. घरी मात्र तिनं बेबीबाईंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं असं आता स्कूटी चालवताना वाटत होतं, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की शब्द बदलून जीवाणूला काय फरक पडणार होता.

बेबीबाई दिवाणावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन, पंख्याखाली. गंज घासून ओट्यावर पालथा घातलेला दारातूनच दिसला. "काहून वो, आज लवकर?" त्या म्हणाल्या.

"फोन काहून नाही उचलला तुम्ही?"

"वाजला. मी जेवून राहिली होती."

"काय जेवल्या?"

"भात."

"सारा?"

"सारा. टाकू का मंग?" बेबीबाईंनी पदरानं तोंड पुसलं, जेवून बराच वेळ झालेला असूनही. "परवा तू नेला ना तपासाले? मी आंघोळीले गेली होती तवा. सुतळीची गाठ तू उलटी बांधली. मी अशी नाही बांधत."

रत्नमाला उभीच राहिली. तिला म्हणायचं होतं की आई, एक बाटली रिकामी होती हो, तेवढंच. पण हे तिला स्वतःलाच खोटं ऐकू आलं. "मले सांगतलं असतं तं मीच वाटीभर देल्ला असता," बेबीबाई म्हणाल्या, रागानं नाही, हिशेब समजावून सांगावा तशा. "चोरून नेला मंजे तुले खात्री होती, सासूच्या भातात काहीतरी हाये. मंग म्हटलं, तू मशीनीनं तपासून राहिली, तं आपनही तोंडानं तपासून पाहू. काय निघालं तुह्या मशीनीत?"

"जीवाणू निघाला."

"ईख निघालं का?"

"विष बनवू शकते असा निघाला."

"बनवलं का त्यानं?"

"ते माहीत नाही अजून."

"मंग तुले माहीत काय हाये?" बेबीबाई म्हणाल्या आणि हसल्या. खरंच हसल्या, दात दिसेपर्यंत, आणि रत्नमालालाही त्या क्षणी हसू फुटलं असतं, पण तिची नजर त्यांच्या पोटावर गेली होती.

दवाखान्यात नेऊ का, असं तिनं विचारलं. बेबीबाई म्हणाल्या, कायले, मले काय झालं? डॉक्टरला सांगायचं तरी काय होतं? सासूबाईंनी भात खाल्ला. भंडारा जिल्ह्यात हे ऐकून डॉक्टर काय करेल? अनुपला फोन लावायचं मनात आलं, पण तो पहिलाच प्रश्न विचारणार, आईले सांगून नेला होता का? म्हणून तीही दिवाणाच्या टोकाशी बसली. उलट्या सुरू होतात त्या अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत, पुस्तकात लिहिलंय. फोन वाजला तेव्हाच भात पोटात गेला होता, पण तेव्हापासून किती वेळ झाला ते मोजायची तिला हिंमत होईना आणि घड्याळाकडे पाहायचीही. बेबीबाई बोलत होत्या, शेजारच्या आनंदाबाईंच्या गुडघ्याचं, विहारात रविवारी कुणाच्या घरून खीर येणार त्याचं, आणि रत्नमाला हूं हूं करत त्यांच्या चेहऱ्याचा रंग पाहत होती. कपाळावर घाम आहे का? उकाड्यात सगळ्यांच्याच कपाळावर असतो. जांभई आली, ती झोपेची की मळमळीची? हात पोटावर गेला, का गेला? नुसताच गेला. असं बारकाईनं तिनं या बाईकडे कधीच पाहिलं नव्हतं, इतक्या वर्षांत. गळ्याखाली एक तीळ होता. डाव्या भुवईत पांढरे केस होते. ही माया आहे असं तिला वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती ज्या नजरेनं पाहत होती ती नजर तिच्या ओळखीची होती. याच नजरेनं ती रोज सकाळी बशीतल्या जीवाणूंच्या वाढीकडे पाहायची, आली का, अजून नाही, येईल. तिला दचकायला झालं. येईल? तिला यावं असं वाटतंय का? तिनं हा प्रश्न झटकून टाकला, तो परत आला. या बाईला काही झालं नाही तर आज संध्याकाळपासून या घरात तिच्या शिक्षणाला काडीची किंमत उरणार नाही. वाकळ रोज गुंडाळली जाईल, गुंजनच्या डब्यात रोज भात जाईल, आणि तिनं काही म्हटलं की सारा भात खाऊन ठणठणीत राहिल्याची गोष्ट सांगितली जाईल, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, हसत हसत. आणि काही झालं तर. काही झालं तर रेघ खरी. तिला स्वतःची किळस आली. देवाला मानत नसूनही तिनं मनातल्या मनात हात जोडले, काही होऊ नको देऊ, काही होऊ नको देऊ, आणि प्रत्येक वेळी त्या म्हणण्याच्या मागे दुसरं कुणीतरी वाट पाहत बसलेलं तिला कळत होतं. शास्त्र कुणाच्या एका पोटावर ठरत नाही, हेही तिला ठाऊक होतं. एका माणसाला काही झालं नाही म्हणून भात निर्दोष ठरत नाही, झालं म्हणून दोषी ठरत नाही. पण हे ज्ञान प्रयोगशाळेत उपयोगी होतं. दिवाणावर दोघीच होत्या.

बेबीबाई बोलता बोलता थांबल्या. मध्येच, वाक्य अर्धं टाकून. मग म्हणाल्या, "लय उकडून राहिलं, तोंड धुऊन येतो," आणि उठल्या. भिंतीला हात लावून उठल्या, पण त्या नेहमीच तसं उठतात. न्हाणीघराचं दार लागलं, आतून कडी लागली, आणि नळ सुटला, पूर्ण, बादलीत पाणी आपटायला लागलं. तोंड धुवायला कुणी नळ इतका सोडत नाही. रत्नमाला दारापाशी गेली. बादली भरली असावी, पाण्याचा आवाज बदलला, वाहून जाऊ लागलं. या घरात पाणी वाया घालवलं की बेबीबाई अनुपलासुद्धा बोलतात. त्या पाण्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता, दाबलेला, पदरात तोंड खुपसून काढावा तसा. थांबला. पुन्हा आला. रत्नमालाचा हात दाराकडे उचलला गेला. दार वाजवलं तर आत काय ऐकू जाईल ते तिला स्वच्छ कळलं. आई, बरं वाटतं का, असं ती म्हणेल आणि आत ऐकू येईल, काय निघालं? तिनं हात खाली घेतला.  पडल्या तर दार तोडीन, आनंदाबाईंना हाक मारीन, उचलून नेईन, असं ती मनाशी म्हणत राहिली, आणि तोवर पाण्याखालचा आवाज ऐकत राहिली, प्रत्येक वेळी श्वास रोखून. मनातल्या त्या वाट पाहणाऱ्याचा आता कुठे मागमूस नव्हता. रेघ खरी असल्याचं तिला काहीही वाटत नव्हतं, फक्त भीती वाटत होती, साधी, पोरीच्या वेळी वाटली होती तीच.

आवाज विरळ झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. उकळून ठेवलेलं पाणी पातेल्यात घेतलं, मोजून साखर घातली, मोजून मीठ घातलं, आणि याला जलसंजीवनी म्हणता येऊ नये म्हणून वरून लिंबू पिळलं. नळ बंद झाला. बेबीबाई बाहेर आल्या, केसांच्या बटा ओल्या, पदर पिळलेला, चेहरा एकदम लहान झालेला. दिवाणापर्यंत त्या सरळ चालत गेल्या, जास्तच सरळ.

"काही नाही, तोंड धुतलं," त्या म्हणाल्या.

"हो. ऊनच लय आहे आज," रत्नमाला म्हणाली. "सरबत केलं. मीही घेतो, तुम्हीही घ्या."

"मले नाही लागत सरबत-बिरबत."

"घ्या थोडं."

बेबीबाईंनी गिलासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. रत्नमालानं डोळे खाली घेतले आणि आपल्या गिलासातला घोट घेतला. बेबीबाईही प्यायला लागल्या, थोडं थोडं, मध्ये थांबून, घोट आत राहतो की नाही ते पाहत. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. 

"मीठ जास्त पडलं वाटते माह्या हातून," रत्नमाला म्हणाली.

बेबीबाईंनी रिकामा गिलास तिच्यापुढे धरला. 

"अजूक आन," त्या म्हणाल्या.